ओव्हनच्या दाराचा पाट

माझी नोकरी संशय घेण्याची आहे. अमेरिकेतल्या ट्रॉय गावात ज्या कंपनीत मी काम करते तिथे गाड्यांच्या आतल्या बारीकसारीक गोष्टी तयार होतात: कप ठेवायची खोबण, दाराचा कप्पा, सीट मागेपुढे करायची कळ. अशी एखादी गोष्ट तयार झाली की आम्ही चार-पाच जण ती टेबलावर ठेवून तिच्याभोवती बसतो आणि लोक हिचा काय काय भलताच उपयोग करतील त्याची यादी करतो. कपाच्या खोबणीत लोक कप ठेवतीलच, पण फोनही उभा करतील, मुलाचा ओला मोजा खुपसतील, मागच्या सीटवर जाताना तिच्यावर पायसुद्धा देतील. ह्यातलं काहीही झालं तरी कुणाला इजा होता कामा नये, एवढं आम्ही बघायचं. अकरा वर्षं मी हे करते आहे. नवरा म्हणतो, तू साध्या चमच्याकडेही तो आरोपी असल्यासारखी बघतेस. मला ते कौतुकच वाटत आलं आहे.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात पहिली अब्रू माझी गेली.

आई गेल्यापासून बाबा सोलापुरात एकटे राहत होते. छत्तीस वर्षं त्यांनी तिथल्या कापड गिरणीत फिटरचं काम केलं. मी एकुलती एक. फोनवर रोज विचारायची, जेवलात का, आणि ते रोज म्हणायचे, जेवलो की. ह्या एका 'की'वर माझा विश्वास बसत नव्हता. म्हणून मागच्या सप्टेंबरात त्यांना सहा महिन्यांसाठी इथे आणलं. परतीचं तिकीट फेब्रुवारीअखेरचं होतं. तोवर त्यांना करमलं तर पुढे कायमचं आणायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. बाबांची अट एकच होती. निघायच्या आदल्या दिवशी फोनवर म्हणाले, "नुसतं बसून खायला मी यायचा नाही बघ. काही कामाचा असलो तर राहीन, नाहीतर सोलापूर बरं आहे."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही या तर आधी."

आले, आणि आठ दिवसांत माझ्या घराची रचनाच बदलली. भिंती होत्या तिथेच होत्या, पण वस्तूंनी आपापल्या नोकऱ्या सोडल्या. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायची पट्टी बाबांनी गॅरेजमध्ये पाहिली, धुऊन घेतली आणि पोळ्या झाल्यावर ओट्याला चिकटलेली कणीक तिच्या कडेने खरवडून काढायला सुरुवात केली. मुलगी जिन्यावर जाऊ नये म्हणून लावलेलं जाळीचं फाटक निकामी होऊन तळघरात पडलं होतं. ते दोन खुर्च्यांवर आडवं टाकून त्यावर त्यांनी मेथी सुकवली. भांडी धुवायच्या मशीनमध्ये भांडी निथळत ठेवली जाऊ लागली, धुतली मात्र हातानेच. आणि शेगडीच्या खालीच जोडलेला ओव्हन तर काय, इथल्या आपल्या लोकांच्या निम्म्या घरांत तो कपाटच असतो. आमच्याकडेही होता. त्यात कढया, तवे, आप्पेपात्र आणि आईने कधीतरी बॅगेतून आणलेलं पितळी पातेलं. आम्ही केक करतच नाही, मग एवढी जागा रिकामी कोण ठेवणार? बाबांनी पहिल्या दिवशी ते दार खाली ओढलं, आत भांडी पाहिली आणि समाधानाने म्हणाले, "कपाट चांगलं आहे. दार तेवढं उलटं बसवलंय."

मी सुरुवातीला चिडायची. ती पट्टी बर्फाची आहे बाबा, ते फाटक मेथीसाठी नाही बाबा. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "असू दे की. होतंय ना काम?" मग हळूहळू मी चिडणं सोडून बघायला लागले. आणि बघता बघता थक्क व्हायला लागले. इथल्या अर्ध्या वस्तूंची नावं बाबांना माहीत नव्हती, त्यामुळे त्यांची ठरलेली कामंही माहीत नव्हती. ते वस्तू हातात घ्यायचे, वजन बघायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे आणि ती कुठे धरायची, कुठे दाबायची, कुठे अडकवायची हे त्यांना दिसायचं. शोधावं लागायचंच नाही. आपल्याला लाल रंग दिसतो तसं दिसायचं.

आमची मुलगी तेव्हा नुकतीच तीन वर्षांची झाली होती. तिलाही हा रोग होता. खोका दिसला की ती त्यावर चढायची, बादली दिसली की डोक्यावर घालायची, फट दिसली की बोट घालायची. आजोबा आणि नात म्हणजे एकाच कारखान्याचा माल. ती दिवसभर काही ना काही उचलून त्यांच्याकडे न्यायची आणि विचारायची, "आजोबा, व्हॉट्स धिस फॉर?" बाबांना इंग्रजी बेताचंच, पण हे वाक्य पहिल्या आठवड्यात पाठ झालं. ते ती वस्तू उलटीपालटी करत आणि म्हणत, "बघू की. कशाला तरी होईल." मग दोघं मिळून बघत.

ऑक्टोबरमधली एक दुपार मला लख्ख आठवते. मी घरून काम करत होते. बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, मोठा नाही, पण असा की मी मीटिंग अर्धवट टाकून धावले. मुलगी पुस्तकांच्या उंच कपाटाच्या दुसऱ्या फळीवर उभी होती, तिसरीला लोंबकळत. बाबांनी एका हाताने कपाट भिंतीला दाबून धरलं होतं आणि दुसऱ्याने तिला उतरवत होते. मग मला म्हणाले, "आपण ह्याला पुस्तकाचं कपाट म्हणतो. ती शिडी म्हणते. तिचं काही चुकलं नाही, फळ्या बरोबर शिडीच्या अंतरावर आहेत."

मी तेच कपाट पाच वर्षं पुसत होते.

बाबा गप्प बसणारे नव्हतेच. आमच्या घरात एक सटरफटर खण आहे. जुन्या किल्ल्या, कशाचेतरी स्क्रू, सेल असलं सगळं त्यात. त्यांनी तो खण उपसला आणि काटकोनात वाकवलेली एक जाड पोलादी पट्टी शोधून काढली, तळहाताएवढी, भोकं पाडलेली. सोबत लांब स्क्रूसुद्धा होते. "ही कशाची गं?" त्यांनी विचारलं. मला आठवेना. मी म्हटलं, "असेल कशाचीतरी, घ्या." त्यांनी इथल्या पोकळ भिंतीवर टकटक करून आतलं लाकूड शोधलं, पट्टी कपाटाच्या वरच्या कडेला बसवली आणि कपाट भिंतीला असं जखडलं की नंतर मी दोन्ही हातांनी ओढलं तरी हललं नाही. मी नवऱ्याला अभिमानाने दाखवलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही हिच्या टीममध्ये जॉइन व्हा, यार." मग सासऱ्यांना यार म्हटल्याचं लक्षात येऊन ओशाळला. बाबा खूश होते. त्या रात्री जेवताना त्यांनी आपण होऊन विचारलं, इथे उन्हाळ्यात मिरच्या लावता येतील का. फेब्रुवारीत जाणाऱ्या माणसाने उन्हाळ्याचं विचारलं, म्हणून मी मनातल्या मनात उडी मारली.

आता पाटाकडे येते.

बाबा स्वयंपाक करत, आणि मुलीला तो बघायचा असे. तिची उंची ओट्याच्या कडेएवढी. कडेवर घेऊन घेऊन बाबांची पाठ दुखायला लागली. नोव्हेंबरात कधीतरी मी ऑफिसमधून आले तर ती शेगडीसमोर उभी, चेहरा बरोबर भांड्यांच्या उंचीला, आणि बाबा तिला फोडणी म्हणजे काय ते समजावत होते. ती ओव्हनच्या उघड्या दारावर उभी होती. खाली उघडणारं दार आमच्या सोलापूरच्या घरात कधी कुणी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे दार म्हणजे बाजूला उघडणार, कडी असणार. जमिनीपासून वीतभर वर, सपाट, आडवं, गुळगुळीत असं जे असतं, त्याला आम्ही पाट म्हणतो. त्यावर बसतात, त्यावर पोराला उभं करून अंघोळ घालतात. बाबा ह्याच दारावर आठवडाभर कुकर ठेवत होते, भरलेली कढई ठेवत होते. दार कुरकुरलंही नव्हतं. मग पंधरा किलोची नात का नको?

मी तिथे उभी होते. अकरा वर्षं संशय घेणारी बाई. मला काय दिसलं? मला वाटलं, किती गोड! मी फोन काढला, फोटो घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'अमेरिकेतला पाट'. पुण्याच्या मावशीने हसऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली.

डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास बाबा आमटी करत होते. मोठं पातेलं, कारण आमच्याकडे चार पाहुणे यायचे होते. मी पाठीमागे टेबलाशी कोथिंबीर निवडत होते. मुलगी 'पाटा'वर होती आणि आजोबांकडून तिला शेंगदाणे मिळत होते. एक दाणा तिच्या हातातून निसटून दाराच्या बाहेरच्या कडेवर घरंगळला. तो घ्यायला ती मागे सरकली. अगदी टोकाशी. आणि तिथे तिने, दाणा सापडला म्हणून, उडी मारली.

शेगडी वाकली. शेगडी वाकते हे मला माहीतच नव्हतं. भिंतीला टेकून असलेली, मला जागची हलवता न येणारी ती जड वस्तू नमस्कार करावा तशी पुढे झुकली. पातेलं सरकलं. मी उठलेसुद्धा नव्हते. माझ्या डोक्यात अजून ओरडायचा शब्दही तयार झाला नव्हता.

बाबांच्या हातांनी मात्र तोवर सगळं केलेलं होतं. उजव्या हाताने त्यांनी मुलीला दारावरून बाजूला लोटलं, ती माझ्या पायाशी येऊन बसकण मारून आपटली. डावा हात पातेलं आणि ती पडली ती जागा ह्यांच्या मध्ये आडवा आला, आणि कंबरेने त्यांनी शेगडी मागे रेटली. हे एकामागून एक झालं असेल, मला एकाच वेळी दिसलं. उकळती आमटी त्यांच्या कोपरापासून मनगटापर्यंत सांडली. मग त्यांनी उजव्या हाताने गॅसची कळ बंद केली. नंतरच त्यांच्या तोंडून आवाज निघाला.

पंचाहत्तर वर्षांचे हात. त्यांना कुणी विचारलं नव्हतं काय करायचं ते. त्या क्षणी मुलगी म्हणजे लोटायची गोष्ट होती, शेगडी म्हणजे रेटायची, आणि स्वतःचा हात म्हणजे आडवी लावायची फळी. मला आजही त्याचं नवल आवरत नाही. सगळं आवरल्यावर मी घाबरले असं नाही, आधी मी भारावले.

नळाखाली हात, दवाखाना, पट्ट्या, हे सगळं झालं. डॉक्टर म्हणाली, जखम भरेल, डाग राहील. मुलीला खरचटलंसुद्धा नव्हतं. ती गाडीत मागून सारखी विचारत होती, "इज आजोबा हर्ट?" आणि बाबा खिडकीबाहेर बघत म्हणत होते, "नाही बाळ, काही नाही."

हात बरा होत गेला, माणूस मात्र मिटत गेला. बाबांनी वस्तूंना हात लावणं सोडलं. बर्फाची पट्टी गॅरेजमध्ये परत गेली. ओव्हनमधली भांडी त्यांनी एका हाताने काढून नीट शेल्फवर रचली. दिवसभर सोफ्यावर बसून राहायचे, दोन्ही हात मांडीवर, एक पट्टीतला आणि एक उघडा. मुलगी वस्तू घेऊन यायची, "आजोबा, व्हॉट्स धिस फॉर?" आणि ते म्हणायचे, "आईला विचार." दोन-तीन दिवस ती येत राहिली. मग तिनेही विचारणं सोडलं. ते मला जास्त लागलं.

चौथ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, तिकीट अलीकडचं करता येईल का. त्याने मला सांगितलं. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू?

"कुठे निघालात?"

"माझी नजर गेली गं," ते शांतपणे म्हणाले. "टोकाला भार दिला की वस्तू उलटते, हे मी पोरांना शिकवत होतो गिरणीत. तरफ. पहिला धडा. आणि मी त्या पोरीला टोकावर उभं केलं. मला दारच दिसलं नाही, पाट दिसला. असल्या माणसाच्या हवाली पोर ठेवू नये."

"फोटो मी काढला होता, बाबा."

"तुला काय माहीत शेगडीतलं?" ते म्हणाले. त्यांनी माझ्यावरचा दोष असा सहज झटकून टाकला. मला वाटलं, माझी नोकरी काय आहे हे ह्यांना मी कधी नीट सांगितलंच नाही. सांगायची हिंमत तेव्हाही झाली नाही. मी फक्त एवढं म्हणाले, रविवारपर्यंत थांबा, मग बघू.

रविवार उजाडायच्या आत मला त्या शेगडीचा सोक्षमोक्ष लावायचा होता. एवढी जड वस्तू एका तीन वर्षांच्या मुलीने वाकवली कशी? मी घरातल्या यंत्रांच्या कागदांची फाइल काढली. माझी फाइल नीटनेटकी असते, प्रत्येक यंत्राचा वेगळा कप्पा. शेगडीच्या कप्प्यात पुस्तिका होती आणि तिच्यामागे एक घडी घातलेला कागद, दोन वर्षांपूर्वी शेगडी आली तेव्हाचा. मी तो कधीच उघडला नव्हता. उघडला.

त्यावर एक चित्र होतं. ओव्हनचं दार उघडं. दारावर एक मूल उभं. शेगडी पुढे झुकलेली, वरून भांडं घसरतंय, भांड्यातून वाफ.

मी खाली बसले. फरशीवर, फाइल मांडीत घेऊन. कुठल्यातरी इमारतीत, टेबलाभोवती चार-पाच जण बसले असणार, आमच्यासारखेच, गार झालेली कॉफी पीत. कुणीतरी म्हणालं असणार, मूल दारावर उभं राहील. दुसरा म्हणाला असणार, छे, असं कोण करेल? आणि त्या पहिल्याने हट्टाने ते यादीत लिहिलं असणार. माझी मुलगी जन्मायच्या आधी कुणीतरी तिला तिथे उभी राहिलेली पाहिली होती. आजवर माझ्या याद्या मला हुशारीचं काम वाटायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ही तर माया आहे. ओळखदेख नसलेल्या घरातल्या पोराकडे लांबून दिलेलं लक्ष. आणि मी त्याची घडीही न उघडता ते फाइलला लावलं होतं.

चित्राखाली दुसरं चित्र होतं, इलाजाचं. शेगडीचा मागचा पाय एका पट्टीत अडकवायचा आणि ती पट्टी जमिनीला नाहीतर भिंतीला पक्की करायची. काटकोनात वाकवलेली. जाड. तळहाताएवढी. भोकं पाडलेली.

मी मान वर केली. समोर, बाहेरच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाच्या डोक्यावर ती चमकत होती.

आता सगळं आठवलं. शेगडी आणून बसवणाऱ्यांनी ही पट्टी आणि तो कागद असलेली पुडी तशीच तिच्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाकली होती. मला ती सापडली, मी फोडली, आणि माझ्या शिस्तीप्रमाणे कागद कागदांत ठेवला, लोखंड लोखंडात. कागद पट्टीजवळ असता तर बाबांनी एका नजरेत ओळखलं असतं. त्यांच्या हातात आली तेव्हा ती नुसती एक चांगली पट्टी होती. आणि तिच्या मदतीने त्यांनी एक पडझड थांबवली होती. त्याच पट्टीने दुसरी थांबायची होती.

त्यांना सांगायचं का? दोन दिवस मला हाच प्रश्न होता. गुपचूप दुसरी पट्टी आणून नवऱ्याकडून बसवून घ्यावी, हे सोपं होतं. बाबांनी स्वतःला आधीच एवढं दोषी धरलं होतं, त्यात हे ऐकलं तर काय होईल, ह्याची मला धास्ती वाटत होती. पण न सांगता त्यांना सोलापूरला पाठवणं म्हणजे तो सगळा दोष त्यांच्या बॅगेत भरून देणं होतं. तो त्यांचा नव्हता.

मी दुकानातून तसलीच पट्टी आणली. रविवारी सकाळी ती पुडी, तो कागद आणि त्यांची हत्यारं, तिन्ही त्यांच्यासमोर ठेवलं. म्हटलं, "बाबा, एवढं लावून द्या. मला जमत नाही."

ते नको म्हणणार होते. तोंड तसं झालंच होतं. पण उजवा हात पुडीकडे गेला. त्यांनी पट्टी बाहेर काढली, वजन बघितलं, कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा मध्येच थांबला. त्यांनी कागद उघडला. पहिलं चित्र पाहिलं, दुसरं पाहिलं. मग हळूच मान वळवून पुस्तकांच्या कपाटाकडे बघितलं.

मुलगी जमिनीवर चित्र काढत होती, तेवढा खडूचा आवाज.

"म्हणजे ती ह्याची होती होय," बाबा म्हणाले.

"कागद मी वेगळा केला," मी म्हटलं. "पुडी मी फोडली, दोन वर्षं ती माझ्या खणात होती. आणि बाबा, माझी नोकरी हीच आहे. लोक काय चुकीचं करतील ते आधी ओळखायचं. मी तिला तिथे उभी बघितली आणि फोटो काढला. तुमची नजर गेली असेल तर माझी कधी नव्हतीच."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आई गेली तेव्हा पाहिलं होतं तसं, ओळख पटवून घेतल्यासारखं. मग म्हणाले, "पट्टी नसती तर कपाट पडलं असतं ना?"

"पडलं असतं. तिसऱ्या फळीला पोचली होती ती."

"हूं," ते म्हणाले. "बॅटरी धर."

तासभर आम्ही जमिनीवर आडवे होऊन काम केलं. त्यांचा एक हात बँडेजमध्ये, म्हणून माझे दोन त्यांनी वापरले. डावीकडे, अजून, तेवढंच, आता आवळ. मला ते रागावलेसुद्धा, स्क्रू तिरका घातला म्हणून. कानाला इतकं बरं वाटलं! शेगडी मागे सारली, मागचा पाय पट्टीत बसला. बाबांनी मुलीला लांब उभं केलं, शेगडीची मागची कड धरली आणि हलकेच पुढे ओढली. ती मागून बोटभर उचलली गेली आणि टक्क करून थांबली. पुन्हा ओढली, पुन्हा टक्क. मग त्यांनी ओव्हनचं दार उघडलं आणि उजव्या तळव्याने त्याच्या टोकावर हळूहळू भार दिला. शेगडी जागची हलली नाही.

मुलगी पुढे आली. उघड्या दाराकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं. चार-पाच दिवसांत पहिल्यांदा तिने विचारलं, "आजोबा, व्हॉट्स धिस फॉर?"

बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले. दार बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. "हे दार आहे, बाळ," ते म्हणाले. "दारावर उभं राहायचं नाही. आजोबा चुकले होते."

"ओके," ती म्हणाली, आणि खडूंकडे परत गेली.

दुपारी मी त्यांचा आवाज शोधत वर गेले. झोपायच्या खोलीत ते कपड्यांच्या उंच कपाटाचे खण एकेक ओढून बघत होते, गुडघ्यावर बसून, मुलीच्याच उंचीवरून. मुलगी शेजारी होती. तिला ते विचारत होते, "इथून तू चढशील? कशी? दाखव बघू," आणि ती बोट लावून लावून दाखवत होती, पहिला पाय इथे, मग इथे. तिचं बोट जिथे जिथे टेकलं तिथे ते पेन्सिलीने खूण करत होते. त्यांच्या मांडीवर एक कागद होता. त्यावर मराठीत यादी होती: हे कपाट, टीव्ही, बुटांचं शेल्फ, तळघरातली मांडणी, जिन्याचा कठडा, न्हाणीघरातला आरसा. अकरा वर्षं मी याद्या करते आहे. यादी करताना जमिनीवर बसून तीन वर्षांच्या बाईला विचारावं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

मला दारात बघून त्यांनी चष्मा वर सरकवला.

"सहा ठिकाणं निघाली आत्तापर्यंत," ते म्हणाले. "गॅरेज अजून बघितलंच नाही. आणि माझा एकच हात. जावयाला सांग, ते तिकीट हलवू नको म्हणावं. फेब्रुवारी पुरला तरी खूप झालं."